गेन्सचा जी, यान्सीचा वाय

३ ऑगस्ट १९७५, रविवार

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि आर्डेला म्हणते, "ल्युशस, तुझ्या पोटात काय चाललंय ते मला भिंतीला विचारावं लागतं." भिंतींशी माझं बरं जमतं हे खरंच आहे. घरं रंगवायचा धंदा माझा. तर आजपासून थोडं लिहून बघतो. ती वाचणार नाही असं ठरलंय.

विषय आयताच मिळालाय. न्यायाधीशांचा हुकूम आला. काळ्यांच्या शाळा वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या, हे लुईव्हिलमधून बंद. शहरातली मुलं बसने उपनगरात जायची, तिकडची इकडे यायची. कोणी कुठल्या वर्षी जायचं ते आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून. पेपरात तक्ता छापलाय. गोऱ्यांच्या मुलांना बारा वर्षांत दोन वर्षं बस, आमच्यांना आठ-नऊ. शेजारच्या मिसेस पेटिग्रू कुंपणावरून आर्डेलाला म्हणाल्या, "न्याय झालाय बाई. औषध दोघांनाही, फक्त आपला चमचा मोठा."

आर्डेलाची डेल्फीन यंदा सातवीत. तिचं आडनाव तिच्या वडिलांचं, गेन्स. ते वारले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सातवीतल्या ‘जी’वाल्यांना यंदा बस आहे, मिल्टन रिजच्या शाळेत. ते गाव डिक्सी हायवेच्या पार टोकाला. मी तिथली घरं रंगवलीत. लोक काम देतात, पाणीही देतात, पण उन्हं उतरायच्या आत शिड्या गाडीत घालून निघालेलं बरं.

मी यान्सी. ‘वाय’वाल्यांना यंदा घराजवळचीच शाळा.

जेवताना आर्डेलाने तक्त्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आमच्या चर्चमधले ब्रदर क्रचर वकील आहेत. त्यांनी सांगितलं, मी डेल्फीनला रीतसर दत्तक घेतलं तर शाळा सुरू व्हायच्या आत तिचं आडनाव बदलून होईल. आर्डेला म्हणाली, "तू विचार तिला. माझ्या तोंडून गेलं तर ती भांडेल."

खरं लिहितो. मला आनंद झाला. दिवसभर एका बाईच्या व्हरांड्याचे कठडे घासत होतो आणि डेल्फीन यान्सी, डेल्फीन यान्सी असं मनात म्हणत होतो. माझ्या आधीच्या बायकोपासून मला मूल झालं नाही.

संध्याकाळी ती मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला ती पहिल्यापासून मिस्टर यान्सीच म्हणते.

"मिस्टर यान्सी, तुम्हाला हवंय का हे?"

"तुझ्या आईला वाटतं की..."

"तुम्हाला विचारतेय."

मी म्हटलं, "बस टळेल तुझी. रोजचा तास-तास प्रवास वाचेल. आणि तिकडचे लोक..."

ती शेंगांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग नको. बससाठी मी माझ्या बाबांचं नाव टाकणार नाही."

बरोबरच आहे तिचं. परक्या माणसाचं नाव कोण घेईल? मी विचारलं, आईला काय सांगू? ती म्हणाली, "ती रडेल." तिचे हात थांबले होते. बारा वर्षांची पोर, तिच्या डोक्यावर आईचं रडणं कशाला?

म्हणून मी आर्डेलाला सांगितलं की मीच विचार बदलला. म्हटलं, कागदोपत्री बाप व्हायचं मला जमणार नाही.

६ ऑगस्ट

आर्डेला बोलत नाही. एकच वाक्य बोलली: "दोन वर्षं माझ्या टेबलावर जेवतोस आणि पोरीला नाव द्यायला तुला जड जातं?"

डाळिंब्या खारट झाल्या होत्या. मी दोनदा वाढून घेतल्या.

४ सप्टेंबर, गुरुवार

शाळेचा पहिला दिवस. आर्डेला हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आहे, तिला पहाटेच निघावं लागतं. जाताना मला म्हणाली, "तिला काही झालं ना ल्युशस, तर मी तुझं तोंड बघणार नाही." ओरडून नाही, सावकाश म्हणाली. त्याने जास्त लागलं.

बसथांब्यावर मी गेलो. डेल्फीन म्हणाली, "तुम्ही रस्त्याच्या पलीकडे थांबा." पोरींना लाज वाटते, समजू शकतो. पलीकडे थांबलो. बस आली, ती चढली आणि मुद्दाम माझ्या बाजूच्या खिडकीशी येऊन बसली. तिकडे ऊन कमी असेल.

दिवसभर कुठे कामाला गेलो नाही. आमच्याच स्वयंपाकघराची खिडकी खरवडली. रंग चांगला होता तिचा.

दुपार उलटून गेल्यावर बस आली. ती उतरली. दप्तर, मोजे, वेण्या सगळं जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.

"काय झालं शाळेत?"

"काही नाही. अर्धी बाकं रिकामी होती. गोऱ्यांनी पोरांना घरीच ठेवलंय." मग म्हणाली, "गेटवर बायका होत्या. एकीच्या कडेवर बाळ होतं आणि ती ओरडत होती. बाळ झोपलं होतं."

एवढं बोलून ती दोन ताटल्या जेवली.

६ सप्टेंबर, शनिवार

काल रात्री डिक्सी हायवेवर दंगा झाला. सकाळी रेडिओवर ऐकलं. रस्त्यात टायर जाळले, शाळेच्या बसेसच्या काचा फोडल्या. डेल्फीनच्या शाळेपासून ते ठिकाण फार लांब नाही.

आर्डेलाने ताटली माझ्यासमोर अशी आपटली की अंडं सरकलं. सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं होतं. पण डेल्फीन समोर बसली होती.

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून प्रत्येक बसमध्ये बंदूकवाला सैनिक. मी अंगणात ब्रश धूत होतो तेव्हा डेल्फीन येऊन उलट्या बादलीवर बसली आणि आपणहून सांगायला लागली. तिची आई दमून झोपली होती, म्हणून माझ्याकडे आली असणार.

"आमचा सैनिक गोरा आहे. तोंडावर पुटकुळ्या. वळणावर बस हलली ना, तर आमच्या आधी तोच दचकतो. रोझेटा पेटिग्रूने त्याला च्युइंग गम दिला."

"घेतला?"

"घेतला. थँक यू मॅम म्हणाला. रोझेटाला मॅम." ती हसली. मग ब्रशकडे बघून म्हणाली, "हा नीट धुतला गेला नाही. मुळाशी बघा."

बघितलं. पांढरा राहिला होता.

१९ सप्टेंबर

मिल्टन रिजजवळच्या मिस्टर केसिंगरचा फोन. त्यांच्या घराची पुढची बाजू मी ऑगस्टमध्ये पांढरी केली, मागची अजून जुनी हिरवी आहे. म्हणाले, "यान्सी, वातावरण निवळेपर्यंत येऊ नकोस. माझं काही नाही रे, पण शेजारी आहेत." त्यांच्या आवाजात शरम होती. मी म्हटलं, पाऊस पडायच्या आत झालं तर लाकडाला बरं. ते म्हणाले, ते मलाही कळतं.

मिसेस पेटिग्रू म्हणतात ते रोज आठवतं. "आपल्या शाळेत काय वाईट होतं? पुस्तकं जुनी होती, पण बाई नव्या पुस्तकाहून हुशार होत्या. पुस्तकं बदलायची सोडून पोरंच हलवली." पण डेल्फीनने परवा सांगितलं की तिकडे सातवीच्या वर्गात सहा सूक्ष्मदर्शक आहेत आणि ते चालतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याला मी काय करणार?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हे सगळं लिहायलाच हवं.

बस वेळेवर आली नाही. मिसेस पेटिग्रू धावत आल्या. शाळेतून फोन होता, मोर्चावाल्यांनी मोटारींनी रस्ता अडवलाय, मुलांना आत ठेवलंय, बस कधी सुटेल ते माहीत नाही, ज्यांना शक्य असेल त्यांनी येऊन न्यावं. त्यांच्याकडे गाडी नाही. "माझ्या दोघीही आण रे बाबा. मी शाळेत फोन करून तुझं नाव सांगते." आर्डेला कामावर होती. तिला न कळवताच निघालो. तिला कळवायचं धैर्य नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

डिक्सी हायवेवर अर्ध्या वाटेत पुढे झेंडे दिसले. मागे बघितलं तर मागेही झेंडे. बाजूच्या गल्ल्यांतून गाड्या येत गेल्या आणि मला कळायच्या आत मी मोर्चाच्या मधोमध होतो. बसविरोधी मोर्चात. माझी हिरवी पिकअप, वर दोन शिड्या, आत मी एकटा काळा माणूस, आणि पुढेमागे डोळा पोचेल तिथवर हॉर्न वाजवणारे गोरे. वळायला जागा नाही. थांबलो तर मागचा धडकणार. मग काय, चाललो त्यांच्याबरोबर.

हॉर्न मात्र वाजवला नाही. एवढं एक.

डावीकडच्या स्टेशन वॅगनमधल्या एका लठ्ठ माणसाने माझ्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं. त्याचा हात हॉर्नवरच राहिला, पण दाबायचा विसरला. त्याच्या बायकोने त्याला ढोसलं. मी टोपीला हात लावला. सवयीने. त्यानेही लावला, त्यालाही सवयच असणार. मग दोघंही पुढे बघायला लागलो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. कोणी खाली उतरलं असतं तर आज हे लिहायला मी नसतो, असं वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

चौकात पोलीस होता. तो एकेका गाडीला हात करून पुढे सोडत होता. माझी गाडी आली, त्याचा हात क्षणभर हवेत थांबला, आणि मग मोर्चेकऱ्यांबरोबर त्याने मलाही सोडलं. शाळेच्या गेटपर्यंत मला मोर्चानेच पोचवलं. बाकीच्यांना पुढच्या मैदानावर वळवत होते. मी सरळ गेटात शिरलो.

व्यायामशाळेत मुलं बसली होती. शास्त्राच्या मिसेस टॉलिव्हर दारातच होत्या, गोऱ्या, पांढऱ्या केसांच्या. म्हणाल्या, "तुम्ही डेल्फीनचे वडील. हिरवा ट्रक, दोन शिड्या. तासाभरापूर्वीच ती म्हणाली, माझे वडील येतील. मी म्हटलं, रस्ता बंद आहे गं. तर म्हणाली, तरी येतील."

त्यांचा काहीतरी घोटाळा झाला. मी येणार हे तर मलाच ठाऊक नव्हतं. आणि डेल्फीनने असं म्हटलं असेल तर परक्या बाईंना सगळं कुठे समजावत बसायचं म्हणून. मीही समजावत बसलो नाही.

ती कोपऱ्यात एका लाल केसांच्या मुलीबरोबर पत्ते खेळत होती. नोरीन नाव तिचं. तिची आई गाड्यांमागे अडकली होती. डेल्फीनने मान वर केली. "आलात? एवढा डाव संपवू द्या, मी जिंकतेय."

डाव संपेपर्यंत मी शिपायासारखा उभा राहिलो.

मिसेस टॉलिव्हरनी आम्हाला मागच्या गेटने काढलं. पेटिग्रूंच्या रोझेटा आणि इव्हा सीटखाली अंग चोरून बसल्या, डेल्फीनला मी वाकायला सांगितलं. मागच्या रस्त्यावर कोणीच नव्हतं. एक म्हातारा पानं गोळा करत होता, तो नुसता बघत राहिला. तीन पोरी वाकलेल्या, टर्पेंटाईनचा वास, आणि तेवढ्यात इव्हाला शिंक आली. मग दुसरी. मग तिघीही खिदळायला लागल्या. मी "गप्प बसा" म्हणत होतो आणि माझंही पोट हलत होतं. मोर्चात कसा सापडलो ते सांगितल्यावर तर विचारू नका. डेल्फीन म्हणाली, "तुम्ही टोपीला हात लावलात?" आणि डोळे पुसेपर्यंत हसली.

पूल ओलांडून आमच्या वस्तीत शिरलो तेव्हा गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो. डेल्फीनने माझी टोपी खाली पडली होती ती उचलून झटकली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

१५ ऑक्टोबर

आर्डेलाला सगळं कळलं. सकाळी निघायच्या आधी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. वाटलं, आता बोलणी बसणार. तर ती माझ्या शर्टाची बटणं लावायला लागली. लावलेलीच होती.

"डेल्फीनने सांगितलं. नको तीच म्हणाली होती. तू नाही."

"हं."

"दोन महिने मी तुला खारट जेवू घातलं."

"मला कळलं होतं."

"आणि तू वाढून घेत होतास." तिने कपाळ माझ्या छातीवर टेकवलं. "असा कसा रे तू?"

उशीर झाला तिला. माझ्या खांद्यांवरचं केवढं ओझं उतरलं ते दिवसभर शिडीवर जाणवत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांची लाकडी पट्टी मी शीळ घालत रंगवली.

२ डिसेंबर

डेल्फीनने छोट्या बाटलीत टर्पेंटाईन मागितलं. चित्रकलेला असेल म्हणून दिलं. आज रोझेटाकडून कळलं, डेल्फीनच्या बाकावर कोणीतरी रंगाने घाण शब्द लिहिला होता. तिने आणि नोरीनने मधल्या सुट्टीत तो पुसून काढला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "निघाला ना. तुम्हीच दाखवलं होतंत, आधी कडेने भिजवायचं."

रागाने माझी भूक मेली होती. तिची नव्हती. मग मीही जेवायला बसलो.

२९ मार्च १९७६

मिस्टर केसिंगरकडची मागची बाजू आज पूर्ण केली. सैनिक कधीच गेले. मोर्चेही आता फक्त रविवारी असतात, तेही विरळ. डेल्फीनच्या वर्गातली बरीच बाकं भरलीत. केसिंगरची बायको बर्फ घातलेला चहा घेऊन बाहेर आली आणि शेजाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी माझ्याबरोबर उभी राहिली. उभं राहणं तिला जड जात होतं, दिसत होतं. पण राहिली.

८ मे, शनिवार

ब्रश धूत होतो. डेल्फीन आली, बादलीवर बसली नाही, उभीच राहिली.

"ब्रदर क्रचरना ते काम करायला किती दिवस लागतात?"

"कुठलं?"

"नावाचं. पुढच्या वर्षी ‘जी’ला बस नाही. ‘वाय’ला आहे. मला मिल्टन रिजलाच राहायचंय. मिसेस टॉलिव्हर आठवीला शिकवतात. आणि नोरीन आहे."

मी विचार केला. मुलीची अडचण खरी होती. म्हटलं, "त्यासाठी नाव कशाला बदलायचं? आपण प्रिन्सिपलना अर्ज करू. शिकण्यासाठी राहते म्हटल्यावर ते नाही म्हणणार नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि आत गेली. जाळीचं दार जोरात आपटलं.

खिडकीत आर्डेला होती. हातात ताटली, साबणाचं पाणी कोपरापर्यंत. "ल्युशस यान्सी, घर जळत असलं तरी तू आधी कुठला रंग जातोय ते बघशील. पोरगी दुसऱ्यांदा तुझ्या दारात आली आणि तू तिला अर्ज दाखवतोस?"

मी म्हटलं, ती बसचं बोलत होती. आर्डेला म्हणाली, "आणि तूही गेल्या वर्षी बसचंच बोलत होतास."

ब्रश तसाच टाकला. पहिल्यांदाच असं केलं असेल. डेल्फीनच्या खोलीचं दार बंद होतं. मी बाहेरूनच बोललो, समोरासमोर जमलं नसतं.

"बसचं राहू दे. बस नसती तरी मला हवंच होतं. गेल्या ऑगस्टमध्येही. तुझ्या बाबांचं नाव मला काढायचं नाहीये. त्याच्या पुढे जागा असेल तर माझं लाव, नसेल तर राहू दे."

मग दार उघडलं. डोळे लाल होते, पण आवाज ठणठणीत. "मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही रोजच्या प्रवासाचं सांगितलंत."

"हो."

"शिकून घ्या जरा," ती म्हणाली. "ब्रश वाळतोय तुमचा."

१८ जून, शुक्रवार

कोर्टात गेलो. आर्डेलाने मला टाय बांधला, तो मला सकाळपासून चावत होता. न्यायाधीश वेगळे होते, जाड चष्म्याचे, कंटाळलेले. त्यांनी कागद वाचले आणि डेल्फीनला विचारलं, "मुली, तुला ठाऊक आहे का, या नावाने तू पुढच्या वर्षी बसमध्ये जाशील? वर्षभर लोक माझ्याकडे येतात ते बसमधून उतरायला. चढायला आलेली तू पहिलीच."

"हो सर, ठाऊक आहे."

"मग कारण बस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी टायकडे बघितलं. "नाही सर," ती म्हणाली, "बस सोयीची आहे एवढंच."

त्यांनी सही केली. डेल्फीन गेन्स यान्सी.

तिथून ब्रॉडवेवर तळलेले मासे घ्यायला गेलो. दुकानात खूप गर्दी होती. काउंटरवरच्या पोराने डेल्फीनला ऑर्डरसाठी नाव विचारलं, ते तिने सांगितलं. मी लांब भिंतीशी होतो, मला ऐकू आलं नाही. आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत जिथे जागा मिळाली तिथे वाट बघत बसलो.

थोड्या वेळाने तो ओरडला, "यान्सी."

तीन कोपऱ्यांतून तिघंही उठलो. काउंटरपाशी एकदमच पोचलो. त्याने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "अहो, एकच पुडा आहे."

"चालेल," डेल्फीन म्हणाली, आणि पुडा माझ्या हातात दिला. फार गरम होता. मी घरी येईपर्यंत कुणाला धरू दिला नाही.